फसलेलं अपडेट मागे घेताना: ओपनसुसेवर स्नॅपर कसं वापरायचं

टंबलवीडवर (ओपनसुसे लिनक्सची सतत अपडेट होणारी आवृत्ती) रात्री अपडेट लावलं, हजारभर पॅकेजं बदलली, मशीन रीस्टार्ट केलं आणि लॉगिनच्या जागी काळा पडदा, वर एकटाच लुकलुकणारा कर्सर. ओपनसुसेवर यातून बाहेर पडायला यूएसबी शोधावी लागत नाही. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर स्नॅपर या साधनाने काढलेला स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणीची जपलेली अवस्था) बूट मेनूतून उघडायचा, सगळं ठीक आहे ना ते बघायचं आणि एक कमांड द्यायची. काम दहा मिनिटांचं आहे.

लोक अडकतात ते त्या दहा मिनिटांत नव्हे. काय परत येतं आणि काय येत नाही, याची सीमा माहीत नसते, तिथे घोडं पेंड खातं. म्हणून कमांडआधी ती सीमा बघू.

(कमांड, फाइलींची नावं आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे. कमांड सगळ्या लहान अक्षरांत, आकडेही इंग्रजी.)

स्नॅपशॉटच्या आत काय, बाहेर काय

बीटीआरएफएस लिहिलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहीत नाही. फाइल बदलली की नवा मजकूर डिस्कवर दुसऱ्या जागी जातो आणि मग फाइलचा पत्ता बदलतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी असलेल्या सगळ्या पत्त्यांची वही जपून ठेवणं. म्हणून तो क्षणार्धात निघतो आणि निघताना जवळजवळ काहीच जागा खात नाही. जागा नंतर जाते. अपडेटने ग्लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी) बदललं की नवी फाइल नव्या ब्लॉकवर बसते, आणि जुनी फाइल पुसली तरी तिचे ब्लॉक सुटत नाहीत, कारण स्नॅपशॉटच्या वहीत त्यांची नोंद असते. तीन जीबीचं अपडेट लावलं की डिस्कवर जुनं आणि नवं दोन्ही नांदतं.

ही वही एका सबव्हॉल्यूमपुरती, म्हणजे फाइलसिस्टीमच्या आतल्या एका स्वतंत्र कप्प्यापुरती असते. सबव्हॉल्यूमच्या आत दुसरा सबव्हॉल्यूम असेल तर त्याच्या जागी स्नॅपशॉटमध्ये नुसती रिकामी डिरेक्टरी दिसते. ओपनसुसेने नेमका याचाच उपयोग केला आहे. /होम, /रूट, /ऑप्ट, /एसआरव्ही, /यूएसआर/लोकल आणि /व्हार हे वेगळे सबव्हॉल्यूम आहेत, त्यामुळे रोलबॅक (सिस्टीम जुन्या स्नॅपशॉटवर परत नेणं) त्यांना शिवत नाही. तुमची कागदपत्रं जशीच्या तशी राहतात, लॉग राहतात, डेटाबेसही राहतात. मागे जातं ते /यूएसआर, /ईटीसी आणि /बूटमधला कर्नल व इनिट-आरडी (कर्नलला बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा).

मग पॅकेजांची यादी ठेवणारा आरपीएमचा डेटाबेस? तो पूर्वी /व्हार/लिब/आरपीएममध्ये असायचा. /व्हार मागे जात नाही म्हटल्यावर फाइली जुन्या आणि यादी नवी असा गोंधळ झाला असता. म्हणून तो /यूएसआर/लिब/सिसइमेज/आरपीएममध्ये हलवला गेला. रोलबॅकनंतर झिपर (पॅकेजं बसवणारी कमांड) खरं बोलतो, तो यामुळे.

ग्रब या बूटलोडरचे स्वतःचे मॉड्यूल (/बूट/ग्रब२ खालची आर्किटेक्चरच्या नावाची डिरेक्टरी) मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, कारण ग्रबचा गाभा आणि त्याचे मॉड्यूल एकाच आवृत्तीचे असावे लागतात. ईएसपी (मशीन चालू होताना फर्मवेअर वाचतं ते पार्टिशन), म्हणजे /बूट/ईएफआय, हे तर फॅट पार्टिशन, स्नॅपशॉट तिथे पोचतच नाही. अपडेटबरोबर बायॉस किंवा एसएसडीचं फर्मवेअर बदललं असेल तर तेही स्नॅपरच्या हातात नाही.

अपडेटच्या आधी

ओपनसुसेत १३.२ पासून, म्हणजे २०१४ पासून, रूटसाठी (म्हणजे / या मुख्य फाइलसिस्टीमसाठी) बीटीआरएफएस हीच नेहमीची निवड आहे आणि स्नॅपर सोबत येतो. तरी तो चालू आहे असं गृहीत धरू नका. रूट पार्टिशन लहान दिलं असेल तर इन्स्टॉलर स्नॅपशॉट बंद ठेवतो आणि हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं. आधी हे बघा:

सुडो स्नॅपर लिस्ट

यादी आली तर ठीक. तिच्यात झिपरच्या प्रत्येक कामाच्या दोन ओळी असतात. समजा ११८ क्रमांकाची ओळ «प्री» (कामाआधीची अवस्था) आहे आणि ११९ ची «पोस्ट» (कामानंतरची), आणि पोस्टच्या ओळीत ११८ हा जोडीदाराचा आकडा आहे. वर्णनात झिपचं (झिपरच्या लायब्ररीचं) नाव असतं. कर्नल, ग्लिबसी, सिस्टमडी (सेवा चालू करणारा), ड्राकट (इनिट-आरडी बनवणारा) अशांपैकी काही बदललं असेल तर शेवटच्या रकान्यात «इम्पॉर्टंट=येस» असतं. क्रमांकाला चिकटलेलं चिन्हही बघून ठेवा: उणे म्हणजे सध्या चालू असलेला, अधिक म्हणजे पुढच्या वेळी चालू होणार असलेला, आणि तारांकन म्हणजे दोन्ही एकच. रोलबॅकनंतर हे चिन्ह फार कामाचं आहे.

झिपरच्या कामांच्या जोड्या यादीत दिसत नसतील तर स्नॅपर-झिप-प्लगइन हे पॅकेज आहे का ते बघा. बूट मेनूत स्नॅपशॉट दिसत नसतील तर ग्रब२-स्नॅपर-प्लगइन.

किती स्नॅपशॉट टिकतात हे /ईटीसी/स्नॅपर/कॉन्फिग्स/रूट या फाइलीत ठरतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये नंबर-लिमिट «२-१०» आणि महत्त्वाच्यांसाठी «४-१०» असतं: जागा असेल तर दहापर्यंत, जागेची चणचण असेल तर निदान दोन किंवा चार. स्पेस-लिमिट ०.५ म्हणजे स्नॅपशॉटनी मिळून निम्म्याहून जास्त डिस्क खाऊ नये, आणि फ्री-लिमिट ०.२ म्हणजे वीस टक्के जागा मोकळी राहावी. लक्षात ठेवा, प्री आणि पोस्ट वेगवेगळे मोजले जातात. दहा म्हणजे पाचच जोड्या. मोठ्या अपडेटनंतर आठवडाभर किरकोळ पॅकेजं टाकत-काढत बसलात तर साध्या जोड्या भराभर गळतात. महत्त्वाच्या स्नॅपशॉटची मोजणी वेगळी असते, म्हणून ते जास्त टिकतात.

म्हणून मोठ्या अपडेटआधी («डप», म्हणजे झिपरची अख्खी सिस्टीम अपडेट करणारी कमांड) हाताने एक काढून ठेवलेला बरा:

सुडो स्नॅपर क्रिएट -सी नंबर -यू इम्पॉर्टंट=येस -डी "डपच्या आधी"

यातलं «-सी नंबर» विसरलात तर तो स्नॅपशॉट आपोआप कधीच पुसला जात नाही आणि वर्षभराने डिस्क का भरली याचा शोध घेत बसावं लागतं.

आता जागा. डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडवर विसंबू नका. बीटीआरएफएसवर तो अर्धवट चित्र दाखवतो. त्याऐवजी:

सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज /

यात «डिव्हाइस अनअलोकेटेड» (अजून कशालाच न दिलेली जागा) आणि मेटाडेटाची (फाइलींच्या नोंदींची) ओळ बघा. अनअलोकेटेड शून्याजवळ आणि मेटाडेटा काठोकाठ असेल तर डेटाच्या रकान्यात दहा जीबी रिकामे दिसूनही «नो स्पेस लेफ्ट» येऊ शकतं. यावर उपाय म्हणजे अर्धे रिकामे पडलेले तुकडे एकत्र करणं:

सुडो बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट -डीयूसेज=१० /

अपडेटला जागा दोनदा लागते हेही धरा: एकदा /व्हार/कॅश/झिपमध्ये उतरणाऱ्या पॅकेजांना, एकदा उलगडलेल्या फाइलींना. /व्हार वेगळा सबव्हॉल्यूम असला तरी डिस्क तीच. रूटला ४० जीबी दिले असतील तर फार हिशोब करावा लागत नाही. २० जीबीत दर अपडेटला करावा लागतो.

जुने स्नॅपशॉट काढायचे तर «सुडो स्नॅपर डिलीट ९०-१०५» असा पल्ला देता येतो. जागा लगेच सुटत नाही, कारण सफाई मागे चालू राहते. थांबून खात्री करायची असेल तर --सिंक हा पर्याय जोडा.

मशीनवर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस असेल तर आधी डंप घ्या (मारियाडीबी-डंप, पीजी_डंपऑल). नव्या मारियाडीबीने /व्हारमधल्या डेटाफाइली नव्या घडणीच्या करून टाकल्या आणि मग तुम्ही रोलबॅक केलं, तर जुना सर्व्हर आणि नव्या फाइली अशी गाठ पडते. ती सुटण्याची हमी कोणी देत नाही. पोस्टग्रेसक्यूएल तर मुख्य आवृत्ती वेगळी दिसली की सरळ चालू व्हायला नकार देतं. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच ब्लॉकवर उभा असतो. डिस्क गेली की तोही गेला. तेव्हा बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपला तो पर्याय नाही.

शेवटचं: डेस्कटॉपच्या टर्मिनल खिडकीतून «डप» चालवू नका. अपडेटच्या मध्येच डेस्कटॉप कोसळला तर खिडकी जाते आणि तिच्यातला झिपरही जातो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या कन्सोलवर जा, किंवा टीमक्समध्ये (खिडकी गेली तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा. आधी «सुडो झिपर डप --डाउनलोड-ओन्ली» केलंत तर मध्ये नेट गेल्याची भीतीही राहत नाही.

फसलंच, तर

लगेच रोलबॅककडे धावू नका. नेमकं काय बिघडलंय ते बघितलं तर बऱ्याचदा कमी खर्चात भागतं.

एखाद्याच सेवेची कॉन्फिग फाइल बदलली गेली असेल तर अख्खी सिस्टीम मागे नेणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. «सुडो स्नॅपर स्टेटस ११८..११९» दिल्यावर त्या अपडेटमध्ये बदललेल्या सगळ्या फाइली दिसतात. हवी ती फाइल सापडली की

सुडो स्नॅपर अनडूचेंज ११८..११९ /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग

एवढ्याने ती फाइल ११८ मधल्या रूपात परत येते. फाइलचं नाव द्यायला विसरलात तर मात्र दोन्हींतल्या सगळ्या फरकांवर चालत्या सिस्टीमखाली नांगर फिरतो.

नव्या कर्नलशी ग्राफिक्स ड्रायव्हरचं जमत नसेल, बाकी सगळं ठीक असेल, तर ग्रबच्या «अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स»मध्ये आधीचा कर्नल असतो. झिपर नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटचे दोन आणि सध्या चालू असलेला, इतके कर्नल ठेवतो. जुन्या कर्नलवर दोन-चार दिवस काढा, दुरुस्ती आली की पुढे सरका.

लॉगिनच होत नाही, सिस्टमडी अडकतोय, निम्मी पॅकेजं बसून झिपर मेला, अशा वेळी मात्र रोलबॅक.

पहिली पायरी: मशीन चालू करताना ग्रबच्या मेनूत «स्टार्ट बूटलोडर फ्रॉम अ रीड-ओन्ली स्नॅपशॉट» निवडा. मेनू दिसतच नसेल तर चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून बघा. ईएसपीतून कर्नल उचलणाऱ्या नव्या धर्तीच्या बूटलोडरवर या ओळीची जागा आणि शब्द वेगळे असतात, पण तारखांसह स्नॅपशॉटची यादी तिथेही मिळते.

दुसरी: यादीतून फसलेल्या अपडेटच्या जोडीतला प्री निवडा. घाईत सगळ्यात वरचा, ताजा निवडला जातो. तो पोस्ट असतो, म्हणजे अपडेट लागून बिघडलेलीच अवस्था. महत्त्वाच्या स्नॅपशॉटपुढे तारांकन असतं.

तिसरी: पुन्हा एक ग्रब मेनू येईल. गोंधळू नका, तो त्या स्नॅपशॉटच्या आतला आहे. त्यातली बूट करण्याची ओळ निवडा.

चौथी: सिस्टीम चालू होते ती फक्त वाचण्यापुरती. तरीही डेस्कटॉपपर्यंत बहुधा पोचता येतं, कारण /व्हार आणि /होम लिहिण्यायोग्य असतात. इथे दोन मिनिटं द्या. वायफाय लागतं का, आवाज येतो का, रोजचा प्रोग्रॅम उघडतो का बघा. हाही बिघडलेला निघाला तर नुकसान काहीच नाही. रीस्टार्ट करा आणि त्याआधीचा स्नॅपशॉट निवडा. अजून डिस्कवर काही ठरलेलं नाही.

पाचवी: समाधान झालं की

सुडो स्नॅपर रोलबॅक

आणि मग रीस्टार्ट, या वेळी मेनूतली नेहमीची पहिली ओळ.

या कमांडने आत दोन गोष्टी होतात. बिघडलेल्या सिस्टीमचा फक्त वाचण्यापुरता एक स्नॅपशॉट निघतो, म्हणजे ती अवस्थाही हरवत नाही. आणि तुम्ही आत्ता जिच्यात बसला आहात त्या चांगल्या अवस्थेची लिहिण्यायोग्य प्रत तयार होऊन ती डिफॉल्ट ठरते. मूळ ११८ तसाच राहतो. म्हणून रोलबॅकचंही रोलबॅक करता येतं.

बिघडलेली सिस्टीम कन्सोलपर्यंत का होईना चालू होत असेल तर बूट मेनूची वारी टाळून तिथूनच «सुडो स्नॅपर रोलबॅक ११८» देता येतं. फक्त चौथ्या पायरीवरची चाचणी हुकते. घाई नसेल तर मेनूतूनच जावं.

रीस्टार्टच्या आधी या पायरीचं नाव «रोलबॅक झालं» असं ठेवू नका. कमांडनंतरही चालू असतो तो जुनाच स्नॅपशॉट. या मधल्या काळात झिपर चालवला तर फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती असल्याची चूक येते. सिस्टीम बिघडलेली नसते, रीस्टार्ट राहिलेला असतो.

परत आल्यावर

आधी «सुडो स्नॅपर लिस्ट». तारांकन नव्या क्रमांकावर दिसायला हवं. उणे एका ओळीवर आणि अधिक दुसऱ्याच असेल तर अजून एक रीस्टार्ट बाकी आहे.

मग कारण शोधा. /व्हार मागे गेलेलं नाही, त्यामुळे पुरावा जागेवरच आहे. /व्हार/लॉग/झिप/हिस्ट्रीमध्ये कोणतं पॅकेज कधी बसलं त्याची ओळ न ओळ असते. बिघडलेल्या बूटचा लॉग बघायला आधी «जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स» देऊन त्या वेळेचा क्रमांक काढा, मग «जर्नलसीटीएल -बी -२ -पी ३». वजा दोन हे उदाहरण झालं. मध्ये स्नॅपशॉटवर जितक्या वेळा बूट केलंत तितका आकडा मागे जातो.

दोषी पॅकेज सापडलं तर त्याला कुलूप लावा: «सुडो झिपर अ‍ॅडलॉक» आणि पुढे पॅकेजचं नाव. नाही तर उद्याचं «डप» तेच पॅकेज पुन्हा आणून बसवेल. दुरुस्ती आल्यावर «रिमूव्हलॉक». कुलूप लावून विसरणं ही वेगळीच डोकेदुखी आहे, अवलंबून असलेली पॅकेजं एकेक करून अडायला लागतात.

आता थोडी पडझड दिसेल. ती अपेक्षित आहे:

स्नॅपशॉटनंतर पासवर्ड बदलला असेल तर जुना चालू झालेला असतो, कारण तो /ईटीसीमध्ये. नव्याने जोडलेल्या वायफायचा पासवर्डही गेलेला असतो, त्याच कारणाने. त्या काळात नवा वापरकर्ता केला असेल तर त्याचं खातं नाही, पण /होममधली डिरेक्टरी मात्र बेवारस पडून असते.

फायरफॉक्स प्रोफाइल उघडायला नकार देतो आणि नवं प्रोफाइल करा म्हणतो. नव्या आवृत्तीने एकदा वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती घेत नाही. आवृत्ती ६७ पासून हे मुद्दाम केलेलं आहे. नवं प्रोफाइल करून बुकमार्क हरवल्याचा धक्का घेऊ नका. ब्राउझर पुन्हा नव्या आवृत्तीवर नेता येत असेल तर ते सर्वांत चांगलं. प्लाझ्मा डेस्कटॉपच्या पॅनेलचं विस्कटणंही याच जातीचं: प्रोग्रॅम जुना, /होममधली सेटिंग नवी.

रोलबॅक केलं, तरी तेच

कमांडने चूक दाखवली नाही, रीस्टार्ट केलं, तरी बिघडलेलीच सिस्टीम समोर. /ईटीसी/एफएसटॅब (कोणती फाइलसिस्टीम कुठे जोडायची याची यादी) उघडा. रूटच्या ओळीत सबव्हॉल= किंवा सबव्हॉलआयडी= लिहिलेलं असेल तर तेच कारण असू शकतं. स्नॅपर डिफॉल्ट सबव्हॉल्यूम बदलतो, पण इथे तर ठरावीक सबव्हॉल्यूम लावा असं कोणीतरी लिहून ठेवलंय. रूटच्या ओळीत हे पर्याय नकोत. कर्नलच्या बूट ओळीतल्या रूटफ्लॅग्सकडेही नजर टाका. सध्याचा डिफॉल्ट कोणता हे «सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम गेट-डिफॉल्ट /» सांगतं.

दुसरी तक्रार जास्त फसवी: सिस्टीम चालू होते, पण वायफाय नाही, यूएसबी नाही, आणि ईएसपी जोडता न आल्याने सिस्टमडी इमर्जन्सी मोडमध्ये जातो. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असलं की असं होतं. रूट मागे गेलं, त्यातले /लिब/मॉड्यूल्स जुने झाले, पण /बूटमधला कर्नल नवाच राहिला. बीटीआरएफएसचा मॉड्यूल इनिट-आरडीमध्ये असल्यामुळे रूट लागतं. बाकीचे मॉड्यूल मात्र सापडत नाहीत. «यूनेम -आर»ने दिसणारा चालू कर्नलचा आकडा आणि /लिब/मॉड्यूल्समधल्या डिरेक्टरींची नावं ताडून बघा. जुळत नसतील तर रीस्टार्ट करून मेनूतून जुळणारा कर्नल निवडा. ओपनसुसेच्या नेहमीच्या ग्रब मांडणीत /बूट रूटच्याच आत असतं म्हणून हा त्रास सहसा होत नाही.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हा त्रास हटकून होऊ शकतो. फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपला बीटीआरएफएस आहे, पण /बूट वेगळं एक्स्ट४ असतं आणि आपोआप स्नॅपशॉट काढणारं काही बसवलेलं नसतं. तीन कर्नल राखले जातात, त्यामुळे जुळणारा बहुधा सापडतो.

स्नॅपर नसलेल्या मशीनवर

रूटच्या सबव्हॉल्यूमचं नाव @ असलेल्या मांडणीत बूट ओळ त्या नावालाच धरून असते. तिथे डिफॉल्ट बदलून काही साधत नाही, नावांची अदलाबदल करावी लागते. अपडेटआधी सर्वांत वरच्या पातळीवर @ चा एक स्नॅपशॉट काढलेला आहे असं धरू. त्याचं नाव @जुना. लाइव्ह यूएसबीवरून चालू करा, «एलएसबीएलके -एफ»ने बीटीआरएफएस पार्टिशन ओळखा आणि वरची पातळी जोडा:

सुडो माउंट -ओ सबव्हॉलआयडी=५ /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
सुडो एमव्ही /एमएनटी/@ /एमएनटी/@बिघडलेला
सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम स्नॅपशॉट /एमएनटी/@जुना /एमएनटी/@

पार्टिशनचं नाव तुमच्या मशीनप्रमाणे. पाच हा आकडा मात्र कायमचा, वरच्या पातळीचा क्रमांक तोच असतो. शेवटच्या ओळीत @जुना सरळ @ करून टाकायचा मोह होतो. करू नका, त्याची प्रतच वापरा, म्हणजे पुन्हा फसलं तर मूळ शाबूत. एफएसटॅबमध्ये सबव्हॉलआयडी लिहिलेला असेल तर तो काढा, कारण नव्या @ चा क्रमांक वेगळा असतो.

काही दिवसांनी @बिघडलेला पुसायला जाल तेव्हा «डिरेक्टरी नॉट एम्प्टी» असं उत्तर येण्याची शक्यता आहे. सिस्टमडीने केलेले /व्हार/लिब/मशीन्स आणि /व्हार/लिब/पोर्टेबल्स, किंवा डॉकरचे थर, हे आतले सबव्हॉल्यूम असू शकतात आणि ते जुन्या @ मध्येच अडकलेले असतात. «बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम लिस्ट /एमएनटी»ने ते शोधा. ज्यांच्यात कामाचं काही आहे ते एमव्हीने नव्या @ मध्ये त्याच जागी न्या (तिथली रिकामी डिरेक्टरी आधी काढून), उरलेले एकेक करून पुसा, मग बाहेरचा. ही सफाई आठवडाभर थांबून केलेली चांगली. तोवर त्या जुन्या /ईटीसीमधलं काहीतरी लागतंच.